सोळा घरांचें गाणें

वाद्य हें वादकाच्या हातांतील निव्वळ साधन असतें, असा एक समज आहे. आम्हांस तो अर्धाच खरा वाटतो. साधन आज्ञा पाळतें. परंतु कोणती आज्ञा सोपी व कोणती अवघड, हें तेंच ठरवितें, आणि मनुष्य स्वभावतः सोप्याकडे वळतो. पेटीला मींड साधत नाहीं, म्हणून तिच्या साथीनें गाणाराचा गळाहि हळूहळू पट्ट्यांवर पाय देत चालूं लागतो.

१९८२ सालीं मुंबईंत चरणजित सिंग या चित्रपटसंगीतांतील वादकानें 'टेन रागाज टु ए डिस्को बीट' ही तबकडी काढली. तींत रोलंड या जपानी कंपनीचीं यंत्रें होतीं. टीआर-८०८ वर तालाचीं सोळा बटणें एका ओळींत मांडलेलीं. टीबी-३०३ ला एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातां येई, तें रागांस धार्जिणें ठरलें. तबकडी त्या वेळीं फारशी खपली नाहीं. १९८७ सालीं शिकागोच्या 'फ्यूचर' मंडळीनें त्याच टीबी-३०३ वर 'ॲसिड ट्रॅक्स' केलें, आणि नृत्यसंगीतांत नवा पंथ निघाला. २०१० सालीं सिंगांची तबकडी पुन्हां प्रसिद्ध झाली, तेव्हां दोहोंतील साम्य पाहून रसिक चकित झाले. शिकागोकरांनीं मुंबईची तबकडी ऐकली होती, असें कोणी म्हणत नाहीं. साम्य यंत्राचें होतें.

तीं सोळा बटणें आज संगणकाच्या पडद्यावर सोळा घरें होऊन बसलीं आहेत. बेल्जममध्यें जन्मलेली 'फ्रूटी लूप्स', आतांची 'एफ. एल. स्टुडिओ', आमच्या देवपुरांतहि पोहोंचली आहे. आमचा एक विद्यार्थी तिच्यावर लग्नसराईचीं अहिराणी गाणीं बांधतो. घरावर बोट ठेवावें, कीं तेथें ठोका पडतो. अगदीं नेमका, दर फेरीस तसाच.

त्यानें आपल्या आजीचें कानबाईचें गाणें ध्वनिमुद्रित केलें होतें. आजी ओळीच्या शेवटीं किंचित थांबे, आणि कडव्यागणिक लय नकळत चढे. घरें मात्र जागचीं हलेनात. तेव्हां त्यानें आवाजाचे तुकडे करून ते घरांत बसविले. "सर, आतां कसं बरोबर बसलं!" तो म्हणाला. शेजारीं बसलेली आजी ऐकत होती. ती शांतपणें म्हणाली, "भाऊ, हाई गानं मन्हं नही शे."

आम्हीं विचारलें, घरांनाच आजीच्या मागून चालवितां येणार नाहीं काय? "येतं ना, सर. प्रत्येक ठोक्याला लय हातानं बदलायची. पण रात्र जाते."

सारा प्रश्न त्या रात्रीचा आहे. यंत्रास आजीची चाल अशक्य नाहीं. तें फक्त तिची किंमत मागतें, आणि सरळ चाल फुकट देतें. उद्यां सकाळीं गाणें द्यावयाचें असलेला तरुण फुकटचें घेईल, त्यांत त्याचा दोष काय? परंतु अशा शेंकडों सकाळींनंतर खानदेशच्या गाण्याची चाल बदललेली असेल, आणि ती बदलावी असें कोणींच ठरविलेलें नसेल. म्हणून निदान एक गाणें तरी रात्र जागून करावें, असें आम्हीं त्यास सुचविलें. तो हंसला, पण आजीचें मूळ मुद्रण त्यानें पुसलें नाहीं.