भादलीची अंजली

आमच्या धुळ्याच्या मोहल्ल्यात मूल जन्मलं की तृतीयपंथी दारात येत. त्यांची दुआ हवी असे, शेजार मात्र नको असे. म्हणूनच जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकची बातमी मी दोनदा वाचली. अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेसाठी अर्ज भरला. कोर्टातल्या कागदावर नाव ‘अंजली गुरू संजना जान’. बापाच्या जागी गुरू! ही तृतीयपंथी, बाई नव्हे, म्हणून अर्ज बाद झाला. २ जानेवारी २०२१ रोजी औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला. आपण स्त्री की पुरुष, हे ज्याचं त्याने ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालय २०१४ मध्येच म्हणालं होतं. तालुक्याच्या टेबलापर्यंत यायला त्याला इतकी वर्षं लागली. गावाने मात्र त्याच महिन्यात अंजलीताईंना निवडून दिलं. मतं देणाऱ्यांत बायकाही होत्या, आणि जागा त्यांच्यासाठीच राखीव होती.