धावती पद्मिनी

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा. शेवटची प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत टॅक्सी म्हणून नोंदवली गेली, त्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून जाणार हे ठरलेलंच होतं. त्या वर्षी लोक उभ्या पद्मिनीशेजारी सेल्फी काढत होते. मला ती धावताना हवी होती. १/१००० सेकंदाला टिपली तर धावती टॅक्सीही बंद पडल्यासारखी दिसते. म्हणून पॅनिंग शिकायला घेतलं: शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवायचं आणि तेवढ्या वेळात गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा. गाडी स्पष्ट येते, मागचं सगळं आडव्या रेघांत वाहून जातं.

जागा मरीन ड्राइव्ह, वेळ सकाळची. तिथे समुद्राला पाठ केली की समोर पूर्व आणि आर्ट डेको इमारतींची रांग. सूर्य इमारतींच्या वर येईपर्यंत रस्ता सावलीत असतो. भर उन्हात आयएसओ १००, अॅपर्चर एफ/२२ ठेवूनही १/३० सेकंदाला फोटो पांढुरका पडतो, एनडी फिल्टर लावावा लागतो. सावलीत त्याच्याशिवाय भागतं.

गाडी अगदी समोर येईल त्या दिशेला पाय रोवायचे आणि कमरेतून उजवीकडे वळून तिला लांबूनच पकडायचं. कोपरं बरगड्यांना टेकलेली. समोर येताच शटर दाबायचं, पण वळणं थांबवायचं नाही; चेंडू सुटल्यावरही गोलंदाजाचा हात पुढे जातो, तसं.

पद्मिनी तोवर फार थोड्या उरल्या होत्या. ती येईपर्यंत जे येईल त्यावर सराव. बेस्टची बस सगळ्यांत सोपी. जड गाडी, वेग एकसारखा. सायकल स्पष्ट यायची, पण चालवणाऱ्याचे गुडघे कायम पुसट, आणि ते तसेच छान दिसायचे. मोटारसायकलवाले ऐन वेळी लेन बदलत. हळूहळू लक्षात आलं की सराव कॅमेऱ्याचा कमी आणि गाड्यांच्या चाली ओळखण्याचा जास्त आहे.

रिकाम्या टॅक्सीची तऱ्हा आणखी वेगळी. फुटपाथच्या कडेला उभा असलो की चालक मला गिऱ्हाईक समजून गाडी हळू करायचा. वेग गेला की रेघाही गेल्या. शिवाय इतक्या जवळून मधलं दार स्पष्ट यायचं, पण हेडलाइट आणि डिकी पुसट. दार माझ्या सर्वांत जवळून जातं, म्हणून टोकांपेक्षा भरभर सरकतं. कॅमेरा मात्र एका वेळी एकाच वेगाने फिरतो. दोन्ही दुखण्यांवर औषध एकच: मागे कठड्यापर्यंत सरकायचं, लांब लेन्स लावायची आणि मागे प्रवासी बसलेली टॅक्सी शोधायची.

ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी १/३० सेकंदात ३३ सेंटीमीटर पुढे सरकते. एवढ्या अंतराची साथ कमरेला जमू लागली. तरी पद्मिनी अवघडच. समोरून नीट येणारी ही गाडी उंचवटा लागला की मागून वरखाली डुलायची, आणि आडव्या फिरणाऱ्या कॅमेऱ्यात ते डुलणं आवरत नाही.

अखेर हवी तशी चौकट मिळाली. पिवळं छत धारदार, स्टिअरिंगवरचा चालकाचा हात स्पष्ट, इमारतींच्या बाल्कन्यांच्या मोतिया रेघा. मागचा लाल दिवा तेवढा खालीवर फराटलेला. निवड करताना तो फोटो बाजूला काढणार होतो. तेवढ्यात आमच्या इमारतीतल्या काकांनी तो पाहिला. उभी हयात त्यांनी टॅक्सी चालवलेली. इमारती, रंग, रेघा कशाकडेही न बघता त्यांनी दिव्याच्या फराट्यावर बोट ठेवलं.

"मागचे पाटे बसलेत हिचे," ते म्हणाले.

तोच फोटो ठेवला.