निळं दिसलं नाही तर

पुण्यात ससून रुग्णालय सुरू झालं १८६७ साली. त्याच वर्षी मॅक्स पर्ल्स या जर्मन पॅथॉलॉजिस्टनं ऊतींमधलं लोह निळ्या रंगात दाखवणारी रीत प्रसिद्ध केली. बोन मॅरोच्या, म्हणजे अस्थिमज्जेच्या काचा रंगवताना मी आजही तीच वापरते. पोटॅशियम फेरोसायनाइड आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, एवढंच. आम्ल साठ्यातलं लोह मोकळं करतं, फेरोसायनाइड त्याला धरतं आणि निळे कण उमटतात. हिमोग्लोबिनमधलं लोह इतकं घट्ट बांधलेलं असतं, की ते या रंगाला दाद देत नाही. दिसतो तो फक्त साठा.

आणि तोच तर पाहायचा असतो. दोन बायकांचं हिमोग्लोबिन सारखंच उतरलेलं असतं. एकीच्या मज्जेत निळं काहीच नाही. दुसरीच्या मॅक्रोफेज पेशी लोहानं भरलेल्या, पण शेजारीच तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशी रित्या. टीबीसारख्या रेंगाळलेल्या आजारात असं होतं. पहिलीला लोहाच्या गोळ्या हव्यात, दुसरीला मूळ आजारावरचं औषध. लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं रक्तातलं फेरिटिन अशा आजारात वाढतं आणि चकवतं, म्हणून मला या निळ्या कणांचा आधार वाटतो.

मज्जेसकट काढलेल्या हाडाच्या तुकड्यावर मात्र हा रंग फार जपून वाचावा लागतो. मायक्रोटोमच्या पात्याखाली जाण्याआधी हाडातलं कॅल्शियम काढावं लागतं. आम्लात ते लवकर निघतं, ईडीटीएमध्ये दिवस जातात. "मॅडम, रिपोर्ट आज नाही का मिळणार?" असं नातेवाईक विचारतात, तेव्हा त्यांची घालमेल दिसते. पण आम्ल कॅल्शियमबरोबर लोहही धुऊन नेतं. मग मज्जा मुळातच रिकामी होती की आपण ती रिकामी केली, हे सांगता येत नाही.

म्हणून लोह शोधायचं ते सुईनं ओढलेल्या मज्जेच्या स्मिअरवर, त्यातही मज्जेचे कण आले असतील तरच. सोबत लोह नक्की असलेली एक काच रंगवायची. ती निळी झाली नाही, तर त्या खेपेचं सगळं बाद. द्रावण ऐनवेळी बनवायचं, पाणी डिस्टिल्ड, चिमटा प्लॅस्टिकचा. नळाच्या पाण्यातलं, गंजातलं लोहसुद्धा निळं होतं. फोकस हलवला की ते पेशींच्या वरच्या थरात सापडतं.

मज्जा काढणाऱ्या निवासी डॉक्टरांना मी नेहमी सांगते, सगळ्या काचा लिशमनच्या नेहमीच्या रंगात रंगवून संपवू नका, थोड्या कोऱ्या राखून पाठवा. नाहीतर एवढ्यासाठी पेशंटला पुन्हा सुई टोचावी लागू शकते.