एका सळईचा खेळ

गेल्या वर्षी मे महिन्यात आमचा भाचा चार दिवसांसाठी काशीमीऱ्याला आमच्याकडे आला. चहा होतो न होतो तोच म्हणाला, "मामा, मला एक सळई पाहिजे. कमरेइतकी लांब आणि टोकाला वाकवलेली."

सळई मागायला आमच्यासारखा दुसरा माणूस त्याला मिळाला नसता. गेली सव्वीस वर्षे आम्ही सळई कापतो, वाकवतो आणि तारेने बांधतो. काशीमीरा नाक्यावरून अहमदाबादचा हायवे जातो, तिथून चारही दिशांना नजर टाकली तर उंच उंच इमारती दिसतात. त्यांपैकी कितीतरींच्या पोटात आमच्या हातची सळई आहे. पण खेळायला सळई मागणारा माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटला.

साइटवरच्या भंगारातून, मुकादमाला विचारून, बारा एमएमची गुळगुळीत अंगाची सळई आणली. ग्रिल बनवणाऱ्याकडे तिचे टोक तापवले, ठोकून चपटे केले आणि जरा मागे कलते वाकवले. मुठीला पाण्याच्या पाइपाचा तुकडा चढवला. भाच्याने ती हातात तोलून पाहिली आणि म्हणाला, "क्लब तयार झाला." आम्हाला क्लब म्हणजे साहेबलोकांची पत्ते खेळायची जागा एवढेच ठाऊक! गोल्फमध्ये काठीलाही क्लब म्हणतात आणि जिथे खेळतात त्यालाही क्लबच म्हणतात, हे त्याने समजावून सांगितले. पहिला क्लब हातात येईल, दुसऱ्यात शिरायचे कसे हा प्रश्न वेगळा.

भाचा एका गोल्फच्या मैदानावर कॅडी आहे. कुठल्या, ते लिहिण्याचे कारण नाही. खेळणाऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊन अठरा खड्डे फिरायचे, चेंडू कुठे पडला ते ध्यानात ठेवायचे आणि विचारले तर कुठली काठी घ्यावी ते सांगायचे, हे त्याचे काम. पिशवीत चौदापर्यंत काठ्या असतात. लांब मारायची वेगळी, मधल्या अंतराची वेगळी, वाळूतून काढायची वेगळी, खड्ड्यात ढकलायची वेगळी. चौदाच्या वर नेता येत नाहीत. हा नियम अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली झाला. त्याआधी काही जण वीस-पंचवीस काठ्या बाळगीत. प्रत्येक फटक्याला तयार काठी मिळाली की खेळणाऱ्याचे कसब कुठे राहिले, अशी ओरड झाली. तो भार वाहणाऱ्या कॅडीच्या पाठीचाही थोडाफार विचार झाला म्हणतात.

सळईने खेळण्याची युक्ती भाचा चेंबूरच्या पोरांकडून शिकला. चेंबूरला १९२७ सालापासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. तिथल्या कॅडींनी आपल्या झोपडपट्टीच्या गल्लीबोळांतच गोल्फ सुरू केले. बांधकामाच्या सळईची काठी आणि कोणाचे डोके फुटू नये म्हणून प्लॅस्टिकचा चेंडू. पंधरा-एक वर्षांपूर्वी त्यांचे फोटो देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत झळकले.

संध्याकाळी वस्तीमागच्या मोकळ्या जागेत भाच्याने आम्हाला खेळ दाखवला, तेव्हा आमच्यातला कारागीर जागा झाला. काठी एकच, पण चेंडू दर वेळी वेगळ्या वाटेने जातो. चेंडू मागच्या पायाजवळ ठेवून मूठ पुढे झुकवली की तो जमिनीलगत सपाट पळतो. पुढच्या पायाजवळ ठेवून पाते उताणे धरले की तोच चेंडू उभा चढतो आणि जागच्या जागी पडतो. जवळ मारायचे असेल तर मूठ खाली सरकवायची आणि हात अर्धाच मागे न्यायचा. दोरीवरच्या लुगड्याखालून काढायचा की पत्र्यावर आपटून वळवायचा, हे आधी डोक्यात ठरते आणि मग हात तसा वळतो. चौदा काठ्यावाला पिशवीत हात घालतो, एका काठीवाला डोक्यात, हे तेव्हा पटले. आमच्या धंद्यातही तसेच आहे. पाना हरवला की पोरगा नुसत्या पाइपाच्या तुकड्याने सळई वाकवायला शिकतो, आणि ते शिकलेले जन्मभर विसरत नाही.

एक चेंडू शेजारच्या आक्काच्या पापडांवर पडला. त्या दिवशीचा खेळ तिथेच संपला.

रात्री जेवताना भाच्याने स्पेनच्या सेवे बालेस्टेरोसची गोष्ट सांगितली. शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणी कॅडीचे काम केलेला. त्याच्याकडे एकच काठी होती, ती घेऊन तो समुद्राच्या वाळूत तासन्‌तास मारीत बसे. त्याच पोराने पुढे १९७९, १९८४ आणि १९८८ अशी तीनदा ब्रिटिश ओपन जिंकली. १९७९ मध्ये तर चेंडू मोटारी उभ्या केलेल्या जागेत गेला, आणि तिथूनही त्याने बाजी मारली. आमची मुलगी ऐकत होती. आम्ही लगेच तिच्याकडे वळून म्हणालो, "बघ! सामान नाही म्हणून कोणाचे अडत नाही."

हे आम्ही उगाच म्हणालो नव्हतो. मुलगी पॉलिटेक्निकला स्थापत्यच्या पहिल्या वर्षाला होती. ड्रॉइंगच्या विषयाला मिनी ड्राफ्टर लागतो. मोठ्या कागदावर समांतर आणि कोनातल्या रेघा झटपट मारता येतात असे ते साधन. ती जूनपासून मागत होती. तिच्याच वर्गातल्या मुलीचा ड्राफ्टर ती मागून वापरायची, आणि तो मिळाला नाही तर पट्टी आणि गुण्यांवर शीट पुरी करायची. लोकांना एक शीट करायला दोन तास लागत, हिला पाच. तरी तिची शीट स्वच्छ असायची. मास्तरांनी वर्गात ती उंच धरून दाखवली, ड्राफ्टर नसताना हे काम पाहा म्हणाले. आम्ही ते नाक्यावर दहा जणांना सांगितले. आणि तिने पुन्हा ड्राफ्टरचे काढले की आमचे ठरलेले उत्तर असायचे, "बाबासाहेबांनी परळच्या चाळीत एका खोलीत अभ्यास केला. त्यांच्याकडे काय होते?" हे वाक्य आपल्या किती घरांत म्हटले जात असेल, ते वाचकांनीच आठवून पाहावे.

मुलगी त्या रात्री काही बोलली नाही. बोलला तो भाचा. "मामा, हे तुम्ही आमच्या मेंबरसारखे बोललात."

मग त्याने सांगितले. त्याच्या मैदानावरच्या एका मेंबरने नवा सेट घेतला होता आणि जुना कपाटात पडून होता. भाच्याने धीर करून विचारले, साहेब, जुना मला हप्त्याने द्याल का? तो साहेब वाईट माणूस नाही. भाच्याच्या सळईच्या खेळाचा व्हिडिओ त्यानेच काढून पाहुण्यांना कौतुकाने दाखवला होता. तो हसून म्हणाला, "तुला सेट कशाला? तुझी सळईच भारी आहे. सेट आला की तुझी कला जाईल."

भाचा म्हणाला, "मामा, ते लोकही मौज म्हणून तीनच काठ्यांची स्पर्धा खेळतात. कल्पनाशक्ती वाढते म्हणतात, आणि वाढतेही. पण संध्याकाळी उरलेल्या अकरा काठ्या गाडीत असतातच की!"

आम्हाला झोप लागली नाही. कौतुक करून नाही म्हणता येते, हे आम्हाला माहीत नव्हते असे नाही. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांच्या काटकपणाचे कौतुक करणारे गावात थोडे नव्हते. पण तेच आपण आपल्या लेकीशी करतो आहोत, हे दिसले नव्हते.

आमच्या वस्तीमागच्या डोंगरापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन जातो. तिथे राहणाऱ्या भिक्खूंपाशी आठच वस्तू असायच्या: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळायचे फडके. आठ वस्तूंवर ते आनंदात राहत हे खरे, पण ते बाकीचे स्वतः सोडून आलेले होते. तथागतांनी राजवाडा सोडला, कारण त्यांच्याकडे राजवाडा होता. पुढे देह झिजवून काही मिळत नाही हे कळल्यावर त्यांनी सुजाताची खीरही घेतली. उपाशी माणसाला त्यांनी उपवासाचे गुण सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. विहारातून बाबासाहेबांचे चरित्र आणले आणि परळची पाने पुन्हा वाचली. एक खोली, पहाटेचा अभ्यास, हे सगळे होतेच. त्याच्याच आसपास सुभेदार रामजीबाबांची हकिगत आहे, तिच्यावरून आमची नजर आजवर नुसती सरकत गेली होती. भीमाला पुस्तक हवे असले आणि हातात पैसा नसला, की रामजीबाबा लग्न झालेल्या लेकींकडे जात. पैसे मागत, नाहीतर दागिना मागून गहाण टाकीत आणि पुस्तक आणीत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत. म्हातारा सुभेदार लेकीच्या दारात दागिना मागायला उभा आहे, हे चित्र काही आमच्या डोळ्यांपुढून हलेना. "नसले तर नसले" असे म्हणणे त्यांना किती सोपे होते! आणि ज्या बाबासाहेबांच्या गरिबीचे दाखले आपण देतो, त्यांनी हातात चार पैसे येताच दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून, आणि १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले ते आपल्या पोरांना चाळीच्या खोलीतून बाहेर काढण्यासाठी.

गोल्फमध्येही असा एक माणूस होऊन गेला, हे भाच्याकडूनच कळले. चिक इव्हान्स, शिकागोचा, लहानपणी कॅडी. १९१६ साली त्याने अमेरिकेची ओपन स्पर्धा जिंकली ती फक्त सात काठ्या घेऊन. त्याला पुढे पैसे मिळू लागले, पण ते खिशात घातले तर हौशी खेळाडूचा दर्जा गेला असता. आईच्या सल्ल्याने त्याने तो पैसा कॅडींच्या शिक्षणाला दिला. १९३० साली पहिले दोन कॅडी त्यावर कॉलेजात गेले. ती शिष्यवृत्ती आजही चालू आहे आणि हजारो पोरे तिच्यावर शिकली. सात काठ्यांवर जिंकलेला माणूस, पण सातांवर भागवा असा उपदेश त्याने कॅडींना केला नाही.

दुसरी गोष्ट कडू आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा पापवा सेवगुलाम. त्याचे पूर्वज हिंदुस्थानातून गेलेले. तोही कॅडी, शाळेत न गेलेला. शिकवणारा कोणी नसल्यामुळे तो हात उलटे धरून खेळे, उजवा वर आणि डावा खाली. तशाच हातांनी त्याने १९५९, १९६० आणि १९६४ साली हॉलंडची ओपन स्पर्धा जिंकली. १९६३ मध्ये डर्बनला नाताळ ओपन जिंकला तेव्हा क्लबाच्या इमारतीत पाऊल ठेवण्याची त्याला मनाई होती. गोरे लोक आत, आणि विजेता बाहेर पावसात उभा राहून बक्षीस घेतो! पुण्यात पी. बाळूंच्या गोलंदाजीवर सामने जिंकले जात, पण चहा त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, तो इतिहास आपल्याला ठाऊक आहेच. म्हणून तो चहाचा प्याला विसरायचा नसतो. कसबाला टाळी मिळते, दार मिळतेच असे नाही.

सोमवारी आम्ही साइटवरून उचल घेतली. लेकीकडे दागिना मागायची वेळ आली नाही, मुकादमाकडेच मागितले. बोरिवलीला जाऊन ड्राफ्टर घेतला, साडेसहाशे रुपये पडले. मुलीने तो खोक्यातून काढला, बोर्डाला स्क्रूने आवळला आणि एक रेघ मारली. तिच्या आईने विचारले, "एवढ्यासाठी वर्षभर भांडत होतीस?" ती म्हणाली, "आई, रेघ मला तशीही येते. आता झोपायला मिळेल."

ते काही आमच्या ध्यानात आले नव्हते. पाच तासांची शीट म्हणजे रात्रीचा एक वाजत असे, आणि सकाळी सातची गाडी. आम्ही शीट पाहायचो, डोळे पाहिले नव्हते.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तिने एका तुळईचा नकाशा काढला, त्यात कुठली सळई कुठे वाकवायची ते लिहिलेले. आम्ही असे नकाशे वाचत आलो, पण ते कोण काढते हे कधी डोळ्यांपुढे आले नव्हते. एका रिंगेचा आकडा तिने चुकीचा घातला होता, तो आम्ही दाखवला. तिने खोडून नीट केला.

भाच्याला अजून पुरा सेट मिळालेला नाही. काम सोडून गेलेल्या एका कॅडीकडून त्याने हप्त्याने सहा काठ्या घेतल्या. त्यांत खड्ड्यात ढकलायची काठीच नाही, तेव्हा ते काम तो दुसऱ्याच काठीने भागवतो. आठवड्यातून एक दिवस तो अजूनही नुसत्या सळईने खेळतो. हात ताजा राहतो म्हणतो. आणि त्या साहेबाची पिशवी उचलतो. साहेब अजून व्हिडिओ दाखवतो.

आम्ही बनवलेली सळई तो इथेच विसरून गेला. ती दाराआड उभी आहे. पावसाळ्यात गटारात प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या की शेजारची आक्का ती मागायला येते, आणि पापडांची आठवण करून दिल्याशिवाय नेत नाही.