आधी हात, मग पिस्तूल

गेल्या स्नेहसंमेलनात चहाच्या वेळी तीन-चार पालकांनी आम्हा दोघांना एकच प्रश्न विचारला, "मुलीसाठी कोणते पिस्तूल घेतलेत? आम्हालाही नाव सांगा." २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने पिस्तुलात दोन आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये एक कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून हा प्रश्न जरा जास्तच कानावर येतो. चहाचा कप हातात धरून देण्याइतके त्याचे उत्तर लहान नाही. म्हणून ते येथे लिहीत आहोत. त्यात आमच्या चुकाही आहेत. त्या वगळल्या तर उत्तर अपुरे राहील.

आमची मोठी लेक याच शाळेची. आठवीत असताना मैत्रिणीबरोबर ती रेंजवर गेली आणि तिथलीच झाली. घरात पहिला विरोध आईंचा, म्हणजे तिच्या आजीचा. "मराठी माणसाने कट्ट्यावर बसून गप्पा माराव्यात, कट्टा हातात घेऊ नये," असे त्या म्हणाल्या. आपल्या इंदुरात राहणाऱ्याला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही! पण विनोदामागे भीती होती, आणि ती आम्हालाही होती.

सुरुवात एअर पिस्तुलाने झाली. त्यात दारू नसते. दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. दहा मीटरवरच्या निशाणात दहा गुणांचे वर्तुळ असते अवघे साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. या बोअरच्या आणि २० जूलपेक्षा कमी जोराच्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. त्यामुळे ते घरी आणायला अडचण आली नाही. पहिली चूक तिथेच झाली.

ती दहावीत असताना घरी पाहुणे आले होते. कौतुकाच्या भरात आम्ही पेटी उघडून पिस्तूल दाखवले. पाहुण्यांपैकी एकाने ते उचलले, पंख्यावर रोखले आणि तोंडाने 'ठो' म्हटले. सगळे हसले. आमचा धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. तोही हसला आणि त्याने हात पुढे केला. लेक स्वयंपाकघरातून आली, तिने पाहुण्यांच्या हातून पिस्तूल अलगद काढून घेतले, नळी भिंतीकडे करून ते उघडून पाहिले आणि पेटीत ठेवले. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "बाबा, ही दाखवायची वस्तू नाही. रिकामे आहे असे वाटत असले तरी ते भरलेलेच आहे असे समजायचे, हे पहिल्या दिवशी शिकवतात." पंधरा वर्षांच्या मुलीपुढे आम्ही दोघे खाली मान घालून उभे होतो.

पुढे पंचवीस मीटरच्या प्रकाराकडे तिचा ओढा वळला. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात, दोनदा शूट-ऑफ होऊन, सुवर्णपदक जिंकले होते. इंदूरजवळ महूला लष्कराचे मार्क्समनशिप युनिट आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पंचवीस मीटर रॅपिड फायरचे रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार तिथेच घडले. ही नावे ऐकत ती मोठी झाली. या प्रकाराला लागते ते 'पॉइंट टू-टू', म्हणजे ५.६ मिलिमीटरचे रिमफायर पिस्तूल.

रिमफायर म्हणजे काय, हे मुलांसाठी थोडक्यात सांगतो. मोठ्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या मध्यभागी असतो. टू-टूच्या काडतुसात तो बुडाच्या कडेत भरलेला असतो, आणि पिस्तुलाची पिन त्या कडेवर आपटते. कड म्हणजे रिम, म्हणून रिमफायर. एकदा वापरलेले काडतूस पुन्हा भरता येत नाही. पण धक्का कमी, आवाज कमी आणि खर्चही मोठ्या काडतुसापेक्षा कमी, म्हणून निशाणेबाजी शिकायला आणि स्पर्धेला जगभर हेच चालते. मात्र 'लहान' या शब्दावर जाऊ नका. नेम चुकलेली टू-टूची गोळी दीड किलोमीटरच्या पलीकडेही जाऊ शकते.

कोणते पिस्तूल, हे ठरवायला आम्ही जणू लग्नाचा बस्ता बांधायला निघालो. वाल्थर, पार्डिनी, फाइनवर्कबाऊ, मोरिनी अशी नावे वहीत लिहून तक्ता केला. अमेरिकेतला आमचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, रुगर मार्क फोर घ्या, दणकट आहे. मी शेताच्या कडेला डबे ठेवून मारतो." त्याच्या जागी त्याचे बरोबर होते. मोकळ्या रानात मौजेने डबे उडवायचे तर पिस्तूल दणकट, साफ करायला सोपे आणि कोणतीही गोळी पचवणारे हवे. आपल्याकडे रानात जाऊन डबे उडवणे नाही. पिस्तूल चालते ते रेंजवरच. आणि स्पर्धेच्या पिस्तुलाला नियमांची चौकट असते. वजन १४०० ग्रॅमपर्यंत, ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावेल असे, आणि ट्रिगरला किमान एक किलोचा ताण. स्पर्धेआधी पंच ट्रिगरला एक किलोचे वजन अडकवून पिस्तूल उचलतात. वजन उचलले गेले पाहिजे; ट्रिगर आधीच सुटला तर ते पिस्तूल बाद.

वही घेऊन आम्ही सरांकडे गेलो. त्यांनी वही मिटून ठेवली आणि क्लबची तीन पिस्तुले टेबलावर मांडली. लेकीला म्हणाले, "रिकामे आहे ना, बघ. आता निशाणासमोर उभी राहा, डोळे मीट, हात उचल. हाताला बरे वाटेल तिथे थांब आणि डोळे उघड." डोळे उघडल्यावर पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत मधोमध दिसली, तर पिस्तुलाची मूठ हाताला बसते. बाजूला गेली, वर उठली, तर बसत नाही. मग नाव कितीही मोठे असो. तीनपैकी सगळ्यात नव्या आणि महागड्या पिस्तुलाची साइट दर वेळी डावीकडे जात होती. सगळ्यात जुन्याची दहापैकी आठ वेळा मधोमध आली.

त्या दिवशी आमच्या तक्त्याची किंमत कळली. पुढे कळले ते असे. मूठ लाकडी असते आणि लहान-मोठ्या मापात मिळते. तरीही ती कानशीने घासून, लाकडी लुगदी भरून स्वतःच्या हातासारखी करावी लागते. मार्च २०२३ मध्ये भोपाळला विश्वचषक स्पर्धा झाली, ती पाहायला आम्ही गेलो होतो. तिथल्या मोठमोठ्या खेळाडूंच्या मुठीही घासलेल्या आणि लिंपलेल्या दिसल्या. पुढून जड पिस्तूल स्थिर राहते, पण लहान मनगट लवकर थकवते. महिलांच्या स्पर्धेत साठ गोळ्या असतात. पहिल्या तीस सावकाश मारायच्या, पाच गोळ्यांना पाच मिनिटे. उरलेल्या तीस वेगाने: हात खाली धरून उभे राहायचे, निशाण तीन सेकंदांसाठी खुले होते, तेवढ्यात हात उचलून एकच गोळी, मग सात सेकंद थांबायचे. पहिल्या गोळीला हलके वाटणारे पिस्तूल साठाव्या गोळीला कसे वाटते, ते पाहून निवडावे. आणखी एक: पिस्तूल एकदा घ्यायचे असते, गोळ्या मात्र कायम घ्याव्या लागतात. प्रत्येक पिस्तुलाला ठरावीक गोळी मानवते, तीच नियमित मिळेल का, आणि बिघडले तर सुटा भाग आणि दुरुस्त करणारा माणूस मिळेल का, हे आधी विचारावे. २०२१ मध्ये टोकियोला ऐन पात्रता फेरीत मनू भाकरच्या एअर पिस्तुलाचा भाग तुटला आणि हाती असलेला वेळ गेला. ते आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले होते.

हे सगळे कळले तेव्हा लेक एकोणीस वर्षांची होती. कायद्याने स्वतःच्या नावावर परवाना एकविसाव्या वर्षानंतर. तोवर क्लबचे पिस्तूल, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, आणि तेही पाळीपाळीने. कधी आठवड्यातून दोनदा हाती यायचे, कधी एकदा. तिच्याबरोबरच्या एका मुलीच्या घरी वडिलांचे परवान्याचे पिस्तूल असल्याची चर्चा होती. आम्हाला वाटे, आपली मुलगी मागे पडते आहे.

अशा वेळी एक गृहस्थ भेटले. ओळखीच्या ओळखीतले. म्हणाले, "एक जुने टू-टू आहे, परदेशी. आत्ता घेऊन ठेवा, कागद मागाहून होतील. किंमतही कमी लागेल." आम्ही ते पाहायला गेलो. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण गेलो. हातात घेतले. आगाऊ रक्कम पाकिटात घालून ठेवली. स्वतःची समजूतही घातली की मुलीच्या खेळासाठीच तर आहे, कोणाला मारायला थोडेच?

सरांनी एकच विचारले, "कोणाच्या नावावर आहे?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते म्हणाले, "मग ते पिस्तूल नाही, कट्टाच आहे. परदेशी असला म्हणून काय झाले?" परवान्याशिवाय असे शस्त्र बाळगणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, त्याला तुरुंगवास आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. ते आठवायचे नव्हते, इतकेच. घरी आल्यावर लेकीला सांगितले. ती चिडेल, रडेल असे वाटले होते. ती म्हणाली, "मला वाट बघता येते. तुम्हाला येत नाही." मग पाकिटातली रक्कम बँकेत गेली.

त्या वर्षी तिची पात्रता तीन गुणांनी हुकली. स्वतःचे पिस्तूल असते तर हुकली नसती का? कदाचित. आईंनी मात्र त्या रात्री तिला जवळ बसवून सांगितले, "हरलीस ते बरे नाही झाले. पण झोप लागेल तुला." आजीचा विरोध त्या रात्री संपला, असे आम्हाला वाटते.

एकविसावे पूर्ण झाल्यावर अर्ज केला. क्लबचे सदस्यत्व, प्रशिक्षणाचा दाखला, पोलीस तपासणी, सगळे रीतसर. महिने गेले. परवाना आला आणि खेळ सोडलेल्या एका खेळाडूचे जुने पार्डिनी तिच्या परवान्यावर नोंदवून, कायदेशीर हस्तांतर करून घेतले. नवे नव्हते, पण डोळे मिटून हात उचलल्यावर साइट मधोमध येत होती. मुठीला मात्र महिनाभर कानस लागली.

ज्या पालकांनी नाव विचारले होते, त्यांना आमचे सांगणे असे. मुलांना आधी क्लबमध्ये, प्रशिक्षकाच्या हाताखाली, एअर पिस्तुलावर निदान दोन वर्षे काढू द्या. टू-टूची वेळ आली की क्लबची वेगवेगळी पिस्तुले हाताळू द्या आणि निवड हातावर सोपवा, नावावर नको. कागद पूर्ण झाल्याशिवाय एक रुपयाही पुढे करू नका. पिस्तुलाआधी भिंतीत पक्की बसवलेली तिजोरी घ्या. गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि किल्ल्या कोठे आहेत ते धाकट्यांना माहीत नसावे. पिस्तूल चालू नसेल तेव्हा नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग हवा. टू-टूचा खटका रिकाम्या नळीवर उगीच ओढत बसू नये. पिन नळीच्या काठावर आपटून दोन्ही खराब होऊ शकतात. रेंजवर कान आणि डोळे झाकावेत. गोळीत शिसे असते, म्हणून घरी आल्यावर हात स्वच्छ धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नये. आणि पाहुण्यांना दाखवू नये!

गेल्या खंडेनवमीला आईंनी नेहमीप्रमाणे पाटावर विळी, कात्री, पाना, धाकट्याची कंपासपेटी असे सारे मांडले. लेकीने विचारले, "आजी, माझे?" आईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "ते बाहेर काढू नकोस. तिजोरीच्या दाराला फूल वाहते." आणि झेंडूचे एक फूल त्यांनी बंद दाराच्या कडीत खोचले.