या फोटोच्या किती प्रती?



आपल्यापैकी काहींच्या हॉलमध्ये माझा एक फोटो आहे. काचीगुड्याच्या जुन्या गल्लीतल्या आमच्या समोरच्या काकू गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडया घालतायत. 2009 चा एप्रिल. त्या घराच्या जागी आता अपार्टमेंट उभं आहे आणि काकूही राहिल्या नाहीत. ज्यानं मागितला त्याला मी हा फोटो देत गेलो. वास्तुशांतीला दिला, साठीशांतीला दिला. मोजला कधीच नाही. मोजायची वेळ मागच्या वर्षी आली.

मी बँकेतला माणूस. तीसेक वर्षं दर रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा फिरायचो. भाजीला गेलेला माणूस भाजी विसरून फोटो घेऊन येतो, असं आमच्या घरात म्हटलं जायचं. निवृत्तीनंतर मुलानं लकडा लावला, “बाबा, गॅलरीला दाखवा.”

गॅलरी म्हणजे मला वाटायचं हॉल भाड्यानं घ्यायचा, पाहुणे बोलवायचे, चहा-समोसे द्यायचे आणि चार दिवसांनी फ्रेमा रिक्षात घालून घरी आणायच्या. तसं एकदा केलंही होतं. मग माधापूरच्या स्टेट आर्ट गॅलरीत जाऊ लागलो. 2015 पासून तिथे इंडियन फोटो फेस्टिव्हल भरतो. तिथल्या लोकांशी बोलताना कळलं, की गॅलरीनं आपल्याला ‘घेणं’ ही गोष्टच वेगळी.

गॅलरी आपले फोटो विकत घेत नाही, विक्रीला ठेवून घेते. विकला गेला तर बहुतेक ठिकाणी निम्मे पैसे तिचे. ऐकून मी म्हटलं, निम्मे? अहो, ही तर सावकारी झाली! पण गिऱ्हाईक शोधणं, किंमत ठरवणं, प्रदर्शन लावणं, आपल्या नावाची वर्षानुवर्षं बाजू मांडणं, हे सगळं तिच्याकडे. करारात मात्र नीट बघायचं असतं: प्रिंट आणि फ्रेमचा खर्च कोणाचा, खराब झाल्यास भरपाई कोणाची, विकल्यावर पैसे किती दिवसांत, आणि त्या मुदतीत दुसऱ्या गॅलरीकडे जाता येतं का. बँकेतली सवय इथे कामाला आली.

आपल्या शहराला फोटोचा आश्रय नवा नाही. राजा दीनदयाळांचा स्टुडिओ सिकंदराबादेत होता. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार केलं, ‘राजा’ किताब दिला. 1892 मध्ये तर स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओही निघाला. त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. त्या काळी निजाम होते, आता गॅलरी. पण फक्त फोटोंचंच काम करणाऱ्या गॅलऱ्या देशात मोजक्याच, बहुतेकांचा जीव चित्रांत.

तर शहरातल्याच एका गॅलरीत गेलो. सुती कागदावरचे वीस प्रिंट टेबलावर मांडले. गॅलरीवाल्या बाई मुलाच्या वयाच्या. एकेक प्रिंट कडेला धरून पाहत होत्या. काकूंच्या फोटोवर थांबल्या.

“सर, इसके कितने प्रिंट बाहर हैं?”

चित्र एकच असतं, फोटो हजार निघू शकतात. म्हणून आकडा आधीच बांधायचा. समजा सात. प्रत्येकावर सही, क्रमांक, सोबत प्रमाणपत्र. सात संपले की आठवा काढायचा नाही, कोणासाठीही. 2011 मध्ये न्यूयॉर्कला आंद्रेआस गुर्स्की यांचा ऱ्हाइन नदीचा फोटो 43 लाख डॉलरच्या वर गेला, आणि तो सहा प्रतींपैकी एक होता. त्या किमतीत हा शब्दही धरलेला असतो.

मुलगा मराठीत हळूच म्हणाला, “बाबा, एकही नाही म्हणा. कोणाला कळणार आहे?”

खरं सांगतो, दोन मिनिटं मोह झाला. तोच फोटो त्यांना सगळ्यात जास्त आवडला होता. पण मी डोळ्यांसमोर घरं आणत गेलो आणि बोटं मोजली. मोठ्या आकाराचे नऊ. एक न्यू जर्सीला, काकूंच्या मुलाकडे. सांगून टाकलं.

बाईंनी तो प्रिंट हळूच बाजूला ठेवला. उरलेल्यांतले बारा घेतले. दोन वर्षांचा करार, प्रत्येकी सात प्रती आणि दोन माझ्यासाठी.

सही करण्याआधी मी एक वाक्य घालून घेतलं: फोटोत जो माणूस आहे त्याला किंवा त्याच्या मुलांना एक लहान प्रिंट फुकट मिळेल, मागे ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहून. बाई जरा विचारात पडल्या, मग हौ म्हणाल्या.

तरी किंमत मोजावी लागलीच. दिवाळीत माझी मावसबहीण म्हणाली, “दादा, तो बडी चावडीच्या वाड्याचा फोटो मला हवाय, नव्या घरात लावते.” त्या वाड्यात तिचं लहानपण गेलं. पण फोटोत ती नाही, नुसता दरवाजा आहे. मी नाही म्हटलं. कराराचं समजावून सांगितलं. “असू दे रे, आता तू मोठा माणूस,” एवढंच बोलली. त्यानंतर तिचा फोन नाही.

बारांपैकी आत्तापर्यंत दोन विकले गेले. पैसे वेळेवर आले, तक्रार नाही. माझ्या दोन प्रतींतली वाड्याची एक मी बांधून ठेवली आहे. ती विकायची नाही, तिलाच द्यायची. संक्रांतीला तिळगूळ घेऊन स्वतः जाणार आहे.

आणि ज्या नऊ घरांत काकू आहेत, त्यांना एक विनंती. तो फोटो उन्हाच्या भिंतीवर लावू नका, रंग उडतो. दहावा आता मी काढणार नाही.