नोहाला उद्या ठाऊक नव्हता

रोजचं मनन लिहिणाऱ्याला सगळ्यात मोठी अडचण येते ती गोष्ट आधीच माहीत असण्याची. उत्पत्तीतल्या गोष्टी आम्ही रविवार शाळेत, रंगीत चित्रं दाखवत सांगितलेल्या, अक्षरं धड लागायच्या आधी ऐकलेल्या असतात. योसेफाला खड्ड्यात टाकलं की तो पुढे मिसर देशाचा अधिकारी होणार. अब्राहामानं सुरा उचलला की झुडपात मेंढा अडकलेला असणार. तारू पाण्यावर चढलं की शेवटी मेघधनुष्य निघणार. हे ठाऊक असल्यामुळे लेखणी आपसूक शेवटाकडे धावते आणि पहिल्याच दिवशी वाचकाला धीर देऊन मोकळी होते.

मी नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीसाठी रोज सकाळचं मनन लिहिते. शास्त्रभाग, त्यावर दीड-दोनशे शब्द आणि शेवटी एका ओळीची प्रार्थना. घरोघरी ते फोनवर जातं. कुठे सून सासूला वाचून दाखवते, कुठे कौटुंबिक प्रार्थनेत नातू मोठ्यानं वाचतो, कुणी पहिल्या पाळीला जाताना बसमध्ये वाचतं. उत्पत्ती पुन्हा पुन्हा लिहिताना मनाशी एक नियम पक्का होत गेला: आजच्या भागातल्या माणसाला आज जे ठाऊक नाही, ते मी आज सांगायचं नाही.

हे मला नोहानं शिकवलं. आपण जलप्रलय म्हटलं की चाळीस दिवस म्हणतो. पण शास्त्रात तारखा दिलेल्या आहेत, आणि त्या ओळीनं कागदावर उतरवून काढल्या की वेगळंच काही दिसतं. नोहाच्या वयाच्या सहाशेव्या वर्षी, दुसऱ्या महिन्याच्या सतराव्या दिवशी पाणी सुरू झालं. पाण्याचा जोर १५० दिवस राहिला. सातव्या महिन्यात तारू अरारात पर्वतांवर टेकलं. दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी डोंगरांचे माथे दिसले. आणि जमीन पुरती कोरडी झाली ती पुढच्या वर्षी, दुसऱ्या महिन्याच्या सत्ताविसाव्या दिवशी. म्हणजे वर्षाहून जास्त काळ ते कुटुंब जनावरांसोबत त्या लाकडी भिंतींच्या आत होतं.

पाऊस चाळीस दिवस पडेल, एवढं नोहाला आधी सांगितलेलं होतं. त्यानंतर किती काळ आत राहायचं, हे सांगितलं नव्हतं. देवानं दार बंद केलं, आणि तिथपासून बाहेर पडण्याच्या आज्ञेपर्यंत देव नोहाशी बोलल्याचा एकही उल्लेख नाही. आठव्या अध्यायाच्या आरंभी देवानं नोहाची आठवण केली असं लिहिलं आहे, आणि ते वाचून आपला जीव भांड्यात पडतो. पण ते आपल्याला कळतं. नोहाला ते कुणी कळवलं नाही. त्याला जे कळलं ते कावळा आणि कबुतर सोडून, सात-सात दिवस थांबून, चोचीतल्या जैतुनाच्या कोवळ्या पानावरून.

हा भाग मी एका दिवसात उरकत नाही. तारू टेकलं पण डोंगर अजून दिसत नाहीत, एवढ्याच दोन वचनांवर एक सबंध सकाळ देते. ज्याच्या घरी कुणी महिनोन्महिने अंथरुणावर आहे, ज्याच्या मुलाच्या नोकरीचा निकाल लागत नाही, तो माणूस नेमका याच दोन वचनांच्या मध्ये राहत असतो. त्याला त्या सकाळी मेघधनुष्य दाखवलं, तर त्याच्या आणि नोहाच्या मधली जागा आपणच पुसून टाकतो. मेघधनुष्य नवव्या अध्यायात आहे. त्याचा दिवस येईल तेव्हा ते येईल.

आणखी एक गोष्ट हळू वाचल्याशिवाय लक्षात येत नाही. तारू बांधताना, आत शिरताना, बाहेर येऊन वेदी बांधताना नोहाच्या तोंडी शास्त्रानं एकही शब्द घातलेला नाही. त्याचं पहिलं बोलणं येतं ते द्राक्षमळा लावल्यानंतर, नवव्या अध्यायाच्या शेवटाशी, आणि तो शाप आहे. उपदेशात नोहाचे संवाद रंगवायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. इतका काळ गप्प असलेल्या माणसाचं पहिलं वाक्य इतकं कडू का निघालं, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहायचा असेल, तर आधीची शांतता शाबूत ठेवली पाहिजे.

मनन लिहिण्याचं अर्धं काम भाग कुठे तोडायचा हे ठरवण्यात जातं. आपण अध्यायांवर विसंबतो. पण आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी केली असं मानलं जातं. मूळ इब्री गुंडाळीत ती नाही. त्यामुळे उत्पत्तीच्या सुरुवातीलाच एक गैरसोय झाली आहे. सहा दिवस पहिल्या अध्यायात आणि सातवा, विसाव्याचा दिवस दुसऱ्यात. रोज एक अध्याय वाचणारा निर्मितीचा वृत्तान्त कामावर संपवतो आणि विसावा दुसऱ्या दिवशीच्या सुरुवातीला ओलांडून पुढे जातो. मी पहिला भाग नेहमी दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनापर्यंत नेते.

कोकणातला मराठी बोलणारा बेने इस्राएल समाज सभास्थानात हेच ग्रंथ आठवड्यांच्या भागांनी वाचतो. जगभरच्या यहुदी वाचनातला पहिला भाग सहाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबतो. पृथ्वीवरची दुष्टाई पाहून देवाच्या हृदयाला खेद झाला आहे, सगळं पुसून टाकायचं ठरलं आहे, आणि शेवटच्या वचनात फक्त इतकंच, की नोहावर त्याची कृपादृष्टी झाली. पुढचं पुढच्या शब्बाथाला. ज्यांनी हा भाग असा तोडला त्यांना वाट पाहणं म्हणजे काय ते पुरतं समजलं होतं असं मला वाटतं, आणि मी ती जागा त्यांच्याकडूनच घेतली आहे.

वेगाबद्दलही बोललं पाहिजे. संपूर्ण शास्त्राचे १,१८९ अध्याय; वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार. त्या चालीनं उत्पत्तीचे ५० अध्याय जानेवारी अर्धा होईपर्यंत संपून जातात. स्कॉटलंडमधल्या डंडीचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या वाचनाचा तक्ता केला. तो आजही जगभर वापरतात. त्या तक्त्यासोबत त्यांनी धोकेही लिहून दिले होते: वाचन नुसता रिवाज होईल, वाचून झालं याचंच समाधान वाटू लागेल, ओझं वाटेल. पुढच्याच वर्षी, वयाच्या २९व्या वर्षी ते वारले. तक्ता देतानाच त्याचे धोके सांगणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. वर्षात शास्त्र वाचून काढणाऱ्यांना मी कधीच थांबवत नाही. पण मनन त्या वेगानं होत नाही. उत्पत्तीतला काळच मुळी वेगवेगळ्या चालींनी चालतो. अब्राम, म्हणजेच पुढचा अब्राहाम, हारानहून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता. हागारेपासून इश्माएल झाला तेव्हा ८६. तो अध्याय तिथे संपतो आणि पुढच्या अध्यायाच्या पहिल्या शब्दांत अब्राम ९९ वर्षांचा आहे. मधल्या तेरा वर्षांबद्दल एक अक्षर नाही. डोळे एका ओळीवरून खालच्या ओळीवर गेले की तेरा वर्षं सरली. त्या कोऱ्या जागेसाठी मी एक दिवस राखून ठेवते आणि त्या दिवशी आदल्या दिवसाचंच वचन पुन्हा देते.

आदल्या दिवसाचं ते वचन हागारेच्या गोष्टीतलं. तिच्याजवळ मी सगळ्यात जास्त थांबते. मिसरी दासी, पोटात मूल, मालकीण सारायच्या जाचाला कंटाळून पळालेली, शूरच्या वाटेवर झऱ्यापाशी बसलेली. देवाचा दूत तिला नावानं हाक मारतो, कुठून आलीस आणि कुठे निघालीस असं विचारतो. त्या गोष्टीत याआधी अब्रामानं किंवा सारायनं तिला नावानं हाक मारलेली नाही. ती नुसती दासी आहे. आणि तीच देवाला नाव देते, पाहणारा देव. कुलपित्यांपैकी कुणी नव्हे, ती.

पण दूतानं तिला परत जा असंही सांगितलं आहे, मालकिणीच्या हाताखाली राहा असं. हे वचन आमच्या मंडळीत वाचलं जातं तेव्हा ऐकणाऱ्यांत अशा बाया असतात, ज्यांना मारझोडीच्या घरात माहेरच्यांनी आणि वडीलधाऱ्यांनी हेच शब्द वापरून परत धाडलं होतं. इथे लेखणी जड होते. वचन आहे ते मी लपवत नाही. पण ते हागारेला, त्या झऱ्यापाशी, तिच्या पोटातल्या मुलाबद्दलच्या अभिवचनासकट सांगितलेलं आहे. सासरी छळ होणाऱ्या प्रत्येक मुलीला लावायचा तो कायदा नव्हे, असं मी स्पष्ट लिहिते. दरवेळी लिहिते.

पुढे एकविसाव्या अध्यायात ती पुन्हा रानात जाते, या वेळी भाकर आणि पाण्याची मसक खांद्यावर देऊन घराबाहेर काढलेली. बैरशेबाच्या रानात पाणी संपतं. ती मुलाला झुडपाखाली ठेवून बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसते आणि हंबरडा फोडते. वचन नीट वाचा: रडल्याचं सांगितलं आहे ते आईचं, आणि देवानं ऐकली ती मुलाची वाणी. मग तिला विहीर दिसते.

हा भाग मी तिथेच थांबवते. दुसऱ्या दिवशीचं मनन बाविसाव्या अध्यायावर, मोरियाच्या डोंगरावर. पुन्हा अब्राहाम पहाटे उठतो. पुन्हा एक मुलगा मरणाच्या दारात. पुन्हा आकाशातून हाक. पुन्हा कुणाला तरी आधी न दिसलेलं दिसतं; तिथे विहीर, इथे मेंढा. दोन्ही भाग लागोपाठच्या सकाळी ठेवले की हे वाचकांना आपोआप दिसतं. एका आजींनी मला सांगितलं, की हागारेला बाहेर काढल्यावर अब्राहामाला कळलं असेल आपलं लेकरू जाणं काय असतं. मी तसं काही लिहिलं नव्हतं. त्यांनी दोन दिवस जपून ठेवलं आणि जोडलं. मननानं एवढी जागा ठेवली की बाकीचं काम वाचणारा करतो.

आमच्यातले काही वडील विचारतात, की ताई, तुमच्या मननात प्रभू येशू रोज का येत नाही. प्रश्न प्रेमाचा आहे आणि महत्त्वाचा आहे. पौलानं गलतीकरांना लिहिताना हागार आणि सारा यांचं रूपक केलं आहे. इब्रीकरांस पत्रात अब्राहामाच्या मनातला पुनरुत्थानाचा विश्वास सांगितला आहे. ते सगळं मी मानते, त्यावरच जगते. पण रूपक करण्याआधी पौलाला गोष्ट मुखोद्गत होती. आमच्या मुलांना हागार रूपक म्हणून आधी भेटली, तर तहानलेली बाई म्हणून ती त्यांना कधीच भेटणार नाही. आणि तहानलेल्या बाईशी विहिरीपाशी बोलणाऱ्या प्रभूला ओळखायचं तर ही आधीची विहीर पाहिलेली बरी. म्हणून मी नव्या करारातलं वचन देते ते बहुधा गोष्ट संपल्यावर, आठवड्याच्या शेवटी.

विहिरींवरून आमच्याकडे बोलणं लगेच भिडतं. सव्विसाव्या अध्यायात दुष्काळ पडतो, इसहाक गराराच्या खोऱ्यात राहतो, आणि बापानं खणलेल्या, पलिष्ट्यांनी मातीनं बुजवलेल्या विहिरी पुन्हा उकरतो. एका विहिरीवरून तंटा, दुसरीवरून तंटा, तिसरीवर शांतता. मोठमोठ्या टीकाग्रंथांत हा अध्याय मधला दुवा म्हणून पटकन उरकलेला मी पाहिला आहे. पारनेर, पाथर्डीकडच्या माणसाला तो उरकता येत नाही. विहीर बुजवणं म्हणजे काय आणि भांडण सोडून पुढे जाऊन पुन्हा कोरडी जमीन खणणं म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागत नाही.

उत्पत्तीत मोठे दुष्काळ तीनदा येतात. बाराव्या अध्यायातला एका वचनाचा आहे. त्या वचनापाशी मी पंडिता रमाबाईंचं भाषांतर काढून ठेवते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. पुढच्या दुष्काळांत त्यांनी उपासमारीतून शेकडो मुली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या. उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या मराठीत सगळं शास्त्र उतरवलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, आणि पुस्तक १९२४ साली बाहेर पडलं. देशात दुष्काळ पडला, एवढं एक वाक्य लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे काय होतं हे मी कल्पनेनं लिहिणार नाही. पण ते वाक्य मराठीत लिहिणारा हात भूक पाहिलेला होता, हे वाचकांना ठाऊक असावं.

मराठीत या गोष्टी सांगण्याची वाट चारशे वर्षांहून जुनी आहे. गोव्यात फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, जवळपास ११,००० ओव्यांचं, आणि त्याचं पहिलं पुराण जुन्या कराराच्या गोष्टींचं. पुराणकाराला विस्ताराची मुभा असते, ती त्यांनी घेतली आणि त्यातून अपूर्व मराठी झाली. मननाला ती मुभा नाही. शास्त्र जिथे गप्प आहे तिथे मननानंही गप्प राहिलं पाहिजे.

याच आठवड्यात मी चौतिसाव्या अध्यायाशी आले आहे. दीना, लेआची मुलगी. तिच्यावर बलात्कार होतो, तिच्याबद्दल बाप याकोब, भाऊ, अत्याचार करणारा शखेम, त्याचा बाप हमोर सगळे बोलतात, सौदा ठरतो, कत्तल होते. ती स्वतः एक शब्दही बोलत नाही. देवाचं नावही त्या अध्यायात येत नाही. घरच्या प्रार्थनेत तो वगळायची रीत आहे, लहान मुलं असतात म्हणून. मी वगळणार नाही. मुलांसाठी वेगळा भाग देईन आणि मोठ्यांसाठी हा पूर्ण, मध्ये न तोडता, कारण तो तोडायला जागाच नाही. दीनाच्या तोंडी मी वाक्य घालणार नाही. अध्याय भावांच्या प्रश्नावर संपतो आणि याकोब उत्तर देत नाही. माझं मननही त्याच प्रश्नापाशी संपेल. पुढच्या अध्यायात देव बोलतो, पण ते पुढच्या दिवशीचं. एका ओळीची प्रार्थना अजून लिहायची राहिली आहे. तिच्यात दीनाचं नाव असेल, एवढं ठरलं आहे.